कोर्ट फी : दाराशीच मागितला जाणारा हिशेब

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, घरकुलाची कागदपत्रे अशी कामे असतात. पण या कामांच्या निमित्ताने वाडीत बसलो, चहा झाला, की हमखास एक विषय निघतो आणि तो म्हणजे जमीन. कुणाचा गडगा सरकलेला असतो, कुणाची पायवाट बंद झालेली असते, कुणाच्या सातबाऱ्यावरून नाव गेलेले असते. आम्ही विचारतो, "दावा का नाही लावला?" उत्तर बहुतेक वेळा एकच येते : "कोर्टाची फी कुठनं भरू?"

एका मावशींची गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगत नाही, कारण त्यांना तिथेच राहायचे आहे. गावठाणात त्यांच्या वडिलांपासूनचे घर आणि मागे परसू. शेजाऱ्याने परसवात दगड आणून टाकले. गडगा घालणार हे उघड दिसत होते. मावशी तालुक्याला गेल्या. तिथे कुणीतरी जाणत्या माणसाने त्यांना सांगितले, "जागेच्या बाजारभावावर फी लागेल, पन्नास हजार तरी तयार ठेव." मावशी एस.टी.ने परत आल्या. मग प्रकरण गावकीत गेले. गावकीने "आपसात मिटवा" असे सांगितले. दोन वर्षांनी गडगा उभा राहिला, परसवाचा अर्धा भाग पलीकडे गेला.

आम्ही कागद पाहिले तेव्हा लक्षात आले की मावशींना मिळालेली माहिती चुकीची होती. दगड पडले त्या दिवशी त्यांना हवा होता तो फक्त मनाई हुकूम. अशा दाव्याची, ज्याचे पैशात मोल करता येत नाही, किंमत कायदा १,००० रुपये धरतो आणि त्यावर फी घेतो. २०१८ पूर्वीच्या तक्त्याने ती फी होते २०० रुपये. गडगा उभा राहून जागा पलीकडे गेल्यावर मात्र दावा ताब्याचा होतो आणि ताब्याच्या दाव्याला बाजारभाव लागतो. म्हणजे त्या "पन्नास हजारां"च्या भीतीने मावशींनी स्वस्त दावा सोडला आणि आता त्यांच्यासमोर महाग दावा उभा आहे. त्यात १२ वर्षांच्या मुदतीचे घड्याळही चालू झाले आहे.

म्हणून हा लेख. कोर्ट फी हा वकिलांचा विषय आहे असे समजून आपण तो सोडून देतो. आमचे म्हणणे असे आहे की हा सामाजिक न्यायाचा विषय आहे आणि आपल्या चळवळीने तो हातात घेतला पाहिजे.

फी ठरते कशी?

सर्वोच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांची फी ठरवणे हा राज्याचा विषय आहे. आपल्याकडे १९५९ चा मुंबई न्यायालय फी कायदा आहे, तोच आता महाराष्ट्र न्यायालय फी कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातले कलम ६ सांगते की कोणत्या दाव्याची किंमत कशी धरायची. किंमत ठरली की पहिल्या अनुसूचीतल्या तक्त्यावरून फी काढायची. पायऱ्या दोनच आहेत, आधी दाव्याचे मूल्यांकन आणि मग त्यावरची फी. सगळी गोम पहिल्या पायरीत आहे.

पैसे वसूल करायचे असतील तर मागितलेली रक्कम हीच दाव्याची किंमत. नुकसानभरपाईलाही हाच नियम. घर किंवा बाग यांचा ताबा मागायचा असेल तर बाजारभाव. पण शेतजमिनीचा ताबा मागायचा असेल तर बाजारभाव नाही. तिथे शेतसाऱ्याच्या पटीत किंमत धरतात, कायद्यात ४० पट आणि ८० पट अशा पायऱ्या आहेत. कोकणातल्या वरकस तुकड्याचा आकार सातबाऱ्यावर पाहा, तो रुपयांत, कधी पैशांत असतो. त्याची ४० पट केली तरी रक्कम किरकोळच राहते. म्हणजे ज्या शेताची किंमत आज रस्ता आल्यामुळे लाखांत गेली आहे, त्याच्या ताब्याच्या दाव्याची फी काही शे रुपयांतच बसू शकते. वाटपाच्या दाव्यात पूर्ण मिळकतीवर नाही, तर आपण मागतो त्या हिश्शाच्या किमतीवर फी लागते. मालकी हक्काचा नुसता ठराव मागितला तर पूर्ण फीच्या एक चतुर्थांश.

हे आमच्या माणसाला कुणी सांगत नाही. आपण कोणती मागणी करतो यावर फी ठरते, हे ज्याला कळते तो दावा नीट मांडतो. ज्याला कळत नाही तो घाबरून घरी जातो. आणखी एक गोष्ट. मूल्यांकन कमी झाले किंवा फी कमी पडली म्हणून दावा लगेच फेकून देता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालयाने आधी दुरुस्तीला आणि उरलेली फी भरायला मुदत द्यायची असते. मुदतीत भरली नाही तरच दावा नाकारला जातो.

तक्ता उलटा आहे

आता दुसरी पायरी. २०१८ च्या दुरुस्तीपर्यंत चालत आलेला तक्ता आम्ही मांडून पाहिला.

१,००० रुपयांच्या दाव्याला २०० रुपये फी, म्हणजे २० टक्के.
१०,००० रुपयांच्या दाव्याला १,४३० रुपये, म्हणजे १४ टक्क्यांहून जास्त.
१ लाखाच्या दाव्याला ६,४३० रुपये, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास.
११ लाखांच्या दाव्याला २६,४३० रुपये, म्हणजे २.४ टक्के.
त्यापुढे दर लाखाला १,२०० रुपये, म्हणजे १.२ टक्का. आणि फी ३ लाखांवर पोहोचली की तिथेच थांबायची, मग दावा १०० कोटींचा का असेना.

आयकरात ज्याचे उत्पन्न जास्त त्याला दर जास्त. इथे नेमके उलटे आहे. ज्याचा दावा लहान, त्याला दर मोठा. मजुरी थकवली म्हणून १०,००० रुपये मागणारा माणूस शेकडा १४ रुपये मोजतो. १०० कोटींची मागणी करणारी कंपनी शंभर रुपयांमागे तीन पैसे मोजायची. जानेवारी २०१८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने कमाल फी ३ लाखांवरून १० लाखांवर नेली. टोपी उंच झाली, पण टोपी राहिलीच. १० लाख धरले तरी १०० कोटींवर ते दहा पैसे शेकडा होतात.

यावर उत्तर दिले जाते की लहान दाव्यालाही न्यायालयाचा वेळ तेवढाच जातो, म्हणून किमान फी हवी. मान्य. पण मग न्याय ही किलोवर विकायची वस्तू आहे का, हे एकदा ठरवा. वेळेचा हिशेब करायचा असेल तर बड्या कंपन्यांच्या दाव्यांना लागणारा वेळ, साक्षीपुरावे, अपिले यांचाही हिशेब करा. तो केला तर टोपी कुणाच्या डोक्यावर ठेवली आहे हे लगेच दिसेल.

"फी काढली तर खोटे दावे वाढतील"

हा युक्तिवाद जुना आहे. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये फी बसवली तेव्हा निराधार दाव्यांना आळा घालायचा हेच कारण दिले होते. १८३५ मध्ये मेकॉलेने त्या कारणाची खिल्ली उडवली. तर्क साधा आहे : फी खऱ्या आणि खोट्या दाव्यात फरक करत नाही, ती फरक करते ती पैसेवाल्या आणि बिनपैशाच्या माणसात. खोटा दावा करणारा श्रीमंत फी भरून आत जातो, खरा दावा असलेला गरीब बाहेर राहतो. मेकॉलेची बाजू घ्यायची वेळ आमच्यावर फारशी येत नाही, पण इथे तो बरोबर होता. तरीही १८७० मध्ये देशभरासाठी न्यायालय फी कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर राज्यांनी तोच साचा पुढे चालवला. १९५८ मध्ये एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने चौदाव्या अहवालात या फीवर टीका केली आणि न्यायदान हे राज्याचे कर्तव्य आहे, उत्पन्नाचे साधन नव्हे, अशी भूमिका मांडली. त्याला साठ वर्षे उलटून गेली.

खोट्या दाव्याची खरेच काळजी असेल तर कायद्यात त्यासाठी वेगळी जागा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ प्रमाणे खोटा, त्रास देणारा दावा करणाऱ्याकडून समोरच्याला भरपाई देता येते. तिची मर्यादा किती? ३,००० रुपये. म्हणजे १ लाखाचा खरा दावा लावायला आत शिरताना ६,४३० रुपये आणि सर्वसाधारण दिवाणी दावा खोटा ठरला तर या कलमाखाली जास्तीत जास्त ३,००० रुपये. खोट्यापेक्षा खऱ्याला जास्त किंमत मोजायला लावणारी ही व्यवस्था आहे. ती खोटे दावे थांबवते, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

दिवाणी दाव्याचे आपल्याला काय?

काही कार्यकर्ते म्हणतात, आपला प्रश्न अत्याचाराचा आहे, तो फौजदारी कायद्याचा आहे. दिवाणी कोर्ट हे जमीनदारांचे. आम्हाला हे पटत नाही. आपल्या इतिहासातला सर्वात मोठा लढा दिवाणी न्यायालयातच दहा वर्षे चालला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार म्हणताच सवर्णांनी काय केले? ते १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात गेले आणि बाबासाहेबांविरुद्ध दावा लावला. १४ डिसेंबरला त्यांना तात्पुरता मनाई हुकूम मिळालासुद्धा. दोन दिवसांत! बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला, सत्याग्रह पुढे ढकलला आणि लढाई कोर्टात नेली. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, जून १९३१ मध्ये दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला.

यातून धडा घ्यायचा तो असा. दिवाणी दावा हे हत्यार आहे आणि ते ज्याच्या हातात आधी येते तो समोरच्याला दोन दिवसांत थांबवू शकतो. महाडला ते सवर्णांच्या हातात होते. मावशींच्या परसवात दगड पडले तेव्हा ते मावशींच्या हातात असायला हवे होते. ते आले नाही, कारण दाराशी फीचा बागुलबुवा बसला होता.

त्याच १९३७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. पण कायद्याने खोत गेला तरी सातबाऱ्यावरची नोंद आपोआप बदलत नाही. कुळाची नोंद राहिली, वहिवाट आहे पण कागद नाही, सामाईक खात्यात पन्नास नावे, त्यातली निम्मी मुंबईत. या गुंत्यातून आपला हक्क सोडवून घ्यायचा तर दिवाणी न्यायालयाचे दार वाजवण्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि दार वाजवले नाही तर प्रकरण कुठे जाते? गावकीत. गावकीचा न्याय फुकट असतो असे म्हणतात. पण गावकीच्या बैठकीत बौद्धवाडीचा माणूस कुठे बसतो, त्याचे बोलणे कोण ऐकून घेते, आणि निकाल मान्य केला नाही तर त्याच्या घरचे पाणी, लग्न, मर्तिक यांचे काय होते, हे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला सांगायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला उगाच करावा लागला नाही. कोर्ट महाग ठेवणे म्हणजे माणसाला परत गावकीच्या दावणीला बांधणे आहे.

सवलती आहेत, मग अडते कुठे?

आता न्याय्य बाजूही सांगितली पाहिजे. कायद्यात दरवाजे आहेत.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रीलाही हा हक्क आहे, तिलाही उत्पन्नाची अट नाही. अपंग, जातीय अत्याचाराचे बळी, पूर-भूकंपाचे आपद्‌ग्रस्तही त्यात येतात. २०२१ च्या चिपळूणच्या पुरात घर-दुकान गेलेल्या किती जणांना हे माहीत होते? आणि मदत म्हणजे फक्त वकील नव्हे. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, साक्षीदारांचा खर्च हेही त्यात धरलेले आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीकडे करायचा. मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

मावशी स्त्री आहेत, शिवाय अनुसूचित जातीच्या आहेत. दोन्ही बाजूंनी त्यांना हक्क होता. त्या दिवशी त्यांना पन्नास हजार सांगणाऱ्याने हे एक वाक्य सांगितले असते तर?

पण अडचणी आहेत. अनुसूचित जातीचा पुरावा म्हणून दाखला मागतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला खरा, पण वाडीतल्या साठी ओलांडलेल्या माणसांकडे दाखला नसतो, तो मुलांच्या शाळेसाठी मुलांच्या नावावर काढलेला असतो. स्त्रियांनी स्त्री म्हणून अर्ज केला तर हा प्रश्नच येत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा दरवाजा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ चा, म्हणजे निर्धन म्हणून दावा लावण्याचा. १९७६ पर्यंत कायद्याच्या इंग्रजीत अशा माणसाला भिकारी या अर्थाचाच शब्द होता. शब्द बदलला, वागणूक राहिली. आपण गरीब आहोत हे सिद्ध करण्यासाठी चौकशी होते, सरकारी वकिलाला आणि प्रतिवादीला नोटीस जाते, ते आपल्या गरिबीला हरकत घेऊ शकतात. दावा जिंकला तरी फी सुटत नाही. मिळालेल्या मिळकतीवर त्या फीचा पहिला बोजा बसतो. ही माफी नाही, उधारी आहे.

तिसरा दरवाजा स्त्रियांसाठीचा. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या बाबतीत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. चांगला निर्णय होता. पण २००० सालच्या खुलाशाने मालमत्तेचा वाद म्हणजे वैवाहिक संबंधातून निघालेला वाद, असे त्याला कुंपण घातले. म्हणजे नवऱ्याकडे मागणारी बायको आत, पण बापाच्या घरात भावाकडे वाटा मागणारी बहीण बाहेर. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्याने, जो बौद्धांनाही लागू आहे, मुलीला मुलाइतका हिस्सा दिला. हक्क द्यायचा आणि तो मागण्याच्या दाराला कुंपण घालायचे, याला काय म्हणावे?

आमच्या मागण्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. याच तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. त्याआधी ऑगस्टमध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आपला जिल्हा त्याला जोडला गेला. न्यायालय जवळ येत आहे याचा आम्हाला आनंद आहे. पण अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३९-अ ने आर्थिक कारणाने कुणाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, अशी जबाबदारी राज्यावर टाकली आहे. म्हणून आमचे म्हणणे असे :

एक, ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांची फी रद्द करा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत मोजलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. बिघडलेल्या फ्रिजसाठी फी नाही आणि बळकावलेल्या घरासाठी आहे, हे कोणते तर्कशास्त्र?

दोन, तक्ता सरळ करा. मोठ्या दाव्याला किमान लहान दाव्याइतका तरी दर असू द्या.

तीन, १९९४ च्या अधिसूचनेवरचे कुंपण काढा. माहेरच्या वाट्यासाठीही स्त्रीला माफी द्या.

चार, प्रत्येक तालुका न्यायालयाच्या दाराशी मराठीत मोठा फलक लावा : कोणत्या दाव्याला किती फी आणि कुणाला ती भरावी लागत नाही. याला कायदा बदलावा लागत नाही, फक्त रंग आणि इच्छा लागते.

चौथी मागणी मान्य होईपर्यंत तो फलक आपणच लावू. प्रत्येक विहारात पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास कागदांसाठी ठेवा. कुणाचा सातबारा, कुणाची नोटीस, कुणाचा दाखला ते पाहा. शिकलेल्या पोरांनी कलम ६ वाचून समजून घ्या, ते एलएल.बी.शिवायही समजते. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली फी परत मिळते, हेही सांगा.

मावशींचा अर्ज आम्ही विधी सेवा प्राधिकरणाकडे दिला आहे. गडगा अजून तिथेच आहे. अर्ज करून आलो त्या दिवशी मावशींनी विचारले, "हे तेव्हाच का नाय सांगितलात?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आपल्यापैकी कुणाकडेही नाही. पुढच्या मावशीला हा प्रश्न विचारावा लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम!